मामांनी केलेला माझा सौदा

माझे मामा बोलायचे तोंडाने, पण व्यवहार करायचे बोटांनी. कुरुंद्याचे ते बैलांचे दलाल. उपरण्याखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटे दाबून भाव सांगायचा, ही बाजाराची रीत. भोवती कितीही गर्दी असली तरी आकडा दोघांनाच कळे. सौदा जमला नाही तर मामा राम राम करून उठत आणि चालू लागत. "उठलं की मागं पाहू न्हाई. मान वळली की भाव उतरला," असे ते म्हणायचे. बहुतेक वेळा दहा पावलांत मागून हाक येई, आणि मामा मोठे उपकार केल्यासारखे परतत.

मी हैदराबादहून बी. ए. होऊन आलो तेव्हा हिंगोलीच्या एका जिनिंगच्या शेठांना सरकारी कचेरीशी उर्दूत लिखापढी करणारा माणूस हवा होता. त्यांनी मला बोलावणे धाडले. इकडे पुसेगावच्या मंडळींनी निरोप दिला होता, की मुलाला नोकरी लागू द्या, मग लग्नाची तारीख काढू. मुलगी मी एकदाच पाहिली होती, पण ते एकदा पुरेसे होते. शेठ देतील ते मुकाट्याने घ्यायचे, असे मी मनाशी ठरवले होते. मला वडील नव्हते, म्हणून बोलणी मामांनी करायची असे आईने ठरवले.

"भाचेबुवा, तिथं तुमी बोलायचं न्हाई," मामांनी गाडीतच बजावले. "बैल कधी आपला भाव सांगतो का?"

जिनिंगवर पोचल्यावर मामा लगेच पेढीवर बसले नाहीत. गिऱ्हाईकाचा गोठा पाहिल्याबिगर जनावर द्यायचे नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी कारकुनांची बैठक पाहिली, रांजणातले पाणी पिऊन पाहिले आणि म्हाताऱ्या मुनीमजींना विचारले, "जेवायला टाइम भेटते का?" मुनीमजी म्हणाले, "भेटते की." मामांनी त्यांचे पोट नीट न्याहाळले आणि म्हणाले, "बराबर."

मग शेठांच्या गादीवर बसून त्यांनी माझ्या खोडी सांगायला सुरुवात केली. खोड लपवून विकलेला बैल परत येतो, असे ते मानत. "पोरगं हुशार हाय, शेठ. पण सकाळी लवकर उठत न्हाई. उन्हात तापतं. चहा गार झाला की फुगून बसतं. पण गरीब हाय, लाथ मारत न्हाई."

"दात पाहू का?" शेठांनी हसत विचारले. मी इतका घाबरलो होतो, की तोंड उघडणारच होतो.

मामांनी उपरणे पसरले. कापसाच्या बाजारातही तीच रीत, त्यामुळे शेठांनी सहज हात आत घातला. माझा संसार त्या उपरण्याखाली चालला होता आणि मला वर फक्त दोन निर्विकार चेहरे दिसत होते. थोड्या वेळाने मामांनी हात काढला. "जमत न्हाई, शेठ. राम राम."

आम्ही बाहेर पडलो. शेठ किती म्हणाले असे विचारले तर मामा म्हणाले, "उपरण्याखालचं उपरण्याखाली. चाल, हाक येईल."

हाक आली नाही. मामांनी पटका सोडून पुन्हा बांधला. कापसाच्या गाडीला जुंपलेल्या एका परक्या बैलाचे दात विनाकारण पाहिले. वहाणेतला नसलेला खडा काढला. हाक काही येईना. मी म्हणालो, "मामा, परत जाऊ." ते म्हणाले, "मान वळली की..." आणि चालत राहिले. रेल्वेच्या फाटकापाशी मात्र माझा धीर सुटला. मी दगडावर बसलो आणि लाज सोडून सांगितले, "मामा, मला ती मुलगी आवडली आहे."

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी कमर चाचपली. "अरे, पानाची चंची पेढीवरच राह्यली की."

आम्ही परतलो. शेठांनी लोडामागून पानाची चंची काढून समोर ठेवली. "बसा, मामा. मी म्हणलंच, दलाल माणूस चंचीबिगर किती दूर जाईल?" उपरणे पुन्हा पसरले, आणि या वेळी काम चटकन उरकले. "ठरलं," मामा म्हणाले. किती, ते मला पहिल्या पगाराच्या दिवशी कळले. पुसेगावच्या मंडळींनी पगार विचारला तेव्हाही मामांनी होणाऱ्या सासऱ्यांचा हात उपरण्याखाली घेतला. त्यांनी बोटांनी काय सांगितले देव जाणे, पण सासऱ्यांनी लगेच गूळ वाटला.

निजामाचे राज्य गेले, त्या हिवाळ्यात मामांनी अंथरूण धरले. मी भेटायला गेलो तेव्हा इतकी वर्षे मनात राहिलेले विचारून टाकले. "मामा, चंची खरंच विसरला होता?"

"बैलाचा सौदा असता तर चंची कमरेलाच राह्यली असती," ते हळू म्हणाले. "बैल न्हाई इकला तर माघारी आणून गोठ्यात बांधता येतो. तुला कुठं बांधू?"

मग त्यांनी गोधडीखाली माझा हात ओढून घेतला आणि बोटे दाबली. एक, मग दोन, मग सगळी. बी. ए. झालो असलो तरी ती लिपी मला कधी आली नाही, आणि विचारले असते तर त्यांनी सांगितलेही नसते. मी तसाच बसून राहिलो. त्यांना झोप लागली तरी हात सोडवून घ्यावासा वाटला नाही.