भावाच्या दंडातला माझा बीपी

मागच्या वर्षी दीड महिना मी माझ्या धाकट्या भावाच्या रक्तदाबावर जगलो. स्वतःचा किती होता ते मला ठाऊक नव्हतं, कारण तो मोजून घ्यायची माझ्यात हिंमत नव्हती.

अड्याळला माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. वय बावन्न, स्वभाव अबोल. (बायको ‘घुम्या’ म्हणते. तेही बरोबर आहे, पण मी तसं बोलून दाखवत नाही.) सापाला मी भीत नाही. धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, दोनदा पायावरून गेलाय, मीच बाजूला झालो. पण बीपी मोजायचा तो पट्टा दंडाला गुंडाळला आणि फुगायला लागला की माझं काळीज थेट कानात येऊन वाजू लागतं. त्यात मोजणारी सिस्टर प्रेमाने सांगते, “काका, पाच मिनिटं शांत बसा. अजिबात घाबरू नका.” झालं! घाबरण्यासारखं काहीतरी आहे हे तोवर माझ्या लक्षातही आलेलं नसतं!

सगळे उपाय करून पाहिले. उलटे आकडे मोजले, तर शंभरावरून सत्त्याण्णवला पोचेपर्यंत घाम फुटला. दीर्घ श्वास घेतला, तर सोडायचाच विसरलो. शेवटी एकच उपाय लागू पडला. मोजायचंच नाही! तो मी वर्षानुवर्षं निष्ठेने पाळला.

आणि उपकेंद्रातून ते बटणाचं मशीन आलं नेमकं माझ्याच घरी! धाकट्या मनोहरची बायको वैशाली गावात आशाताई आहे. मशीन तिच्या हाती पडलं, आणि दोन दिवसांत तिने अख्ख्या गल्लीचे दंड आवळले. पत्र टाकायला आलेल्या पोस्टमनलाही ओट्यावर बसवून मोजलं. मग माझी बायको पुष्पा म्हणाली, “गावाचं झालं. आता आमच्या ह्यायचं मोजून टाक ना वो.”

इथे मला एका चालीरीतीने वाचवलं.

वैशाली माझी भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको. मी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे भावसून भासऱ्यासमोर डोक्यावर पदर ठेवते, थेट बोलत नाही, आणि हात लावणं तर सोडाच. एका आंगणात आमच्या दोन चुली, लग्नाला बावीस वर्षं झाली, पण ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. मी समोर उभा असताना ती पुष्पाला सांगते, “ताई, भासऱ्यायले सांगा, दुकानात गिऱ्हाईक आलं.” मला ऐकू येतं. तरी पुष्पा वळून मला सांगते, “गिऱ्हाईक आलं म्हणते.” मगच मी हलतो.

तसा मी सुधारक मताचा माणूस. ह्या प्रथा आता बंद झाल्या पाहिजेत, असं दुकानात दोन-तीनदा बोललोही आहे. पण त्या दिवशी पट्टा पाहिला आणि माझ्या अंगात पन्नास पिढ्यांचे पूर्वज एकदम संचारले.

“भावसून भासऱ्याचा हात धरंल?” मी कडाडलो. “घराची काही मर्यादा हाय का नाई?”

पुष्पाने तोंडाला पदर लावला. वैशाली दाराआड गेली. मी सुटलो असं मला वाटलं. पण दाराआडून आवाज आला, “ताई, त्यायच्या भावाले सांगा. पट्टा ते बांधतीन, बटण दाबतीन, अन आकडा मले इथून सांगतीन. मी लिवून घेतो.”

सरकारने ह्या बाईला आशाताई करून वाया घालवलंय, तिला वकील करायला हवं होतं!

मनोहर मशीन घेऊन आतल्या खोलीत आला. माझ्याहून सात वर्षांनी लहान. शेती आणि ट्रॅक्टर तोच पाहतो. आवाज असा की बांधीतून हाक मारली तर तळ्यातले बगळे उडतात. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो दारात थांबला.

“दादा, घाम कायले फुटला तुले? अजून तर मी बांधलाबी नाई.”

“मनोहर,” मी हळूच म्हणालो, “तुह्याच हाताले लाव ना.”

“माह्या?”

“तू तगडा हायेस. आकडा चांगला येईन. तिले सांगून दे, विषय संपला.”

त्याला ते इतकं सोपं वाटलं की त्याने विचारही केला नाही. पट्टा बांधला, बटण दाबलं, खुर्चीवर ऐसपैस बसला. मशीन घुरघुरलं, थांबलं, आणि मनोहरने आकडा मोठ्याने वाचला (हळू आवाज त्याच्याकडे नाहीच).

“एकशे चौऱ्याहत्तर! खाली एकशे सहा!”

दाराबाहेर काहीतरी स्टीलचं पडलं. पुष्पाच्या हातातलं ताट असावं. “अगं माय!” असा तिचा आवाज आला.

तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. पण मी अबोल माणूस! आणि मनोहर दंड चोळत कुजबुजला (म्हणजे शेजारच्या घरापर्यंतच ऐकू गेलं असेल), “मशीनले नाई झेपला माहा हात. नांगर धरलेला हात हाय हा. तू नको टेन्शन घेऊ.” मलाही ते पटलं. खरं सांगतो, पटवून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटातलं मीठ गेलं.

आळणी वरण, आळणी भात, आळणी वांगं. लोणच्याची बरणी माळ्यावर. आणि आंगणाच्या पलीकडे, ज्याचा तो आकडा होता त्याच्या चुलीवर सुक्या मासोळ्या खमंग भाजल्या जात होत्या. मनोहर मुद्दाम ताट घेऊन आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, येऊन बसायचा.

“वरण कसं झालं, दादा?”

“मस्त,” मी म्हणायचो.

“घे ना मग अजून!”

रोज सकाळी पुष्पा मला फिरायला पिटाळायची. दर आठवड्याला आरोग्य केंद्रात धाडायची. मी मोटरसायकल काढायचो, केंद्रासमोरच्या टपरीवर चहा प्यायचो आणि घरी येऊन सांगायचो, “गर्दी लय होती.” पुढच्या वेळी, “लाइन गेल्ती.” तिसऱ्या वेळी डोक्यात काही येईना, तेव्हा सांगितलं, “डॉक्टरबाई आत्याच्या तेरवीले गेल्या.” दाराआडून वैशालीचा आवाज आला, “ताई, डॉक्टरबाई तं सकाळपासून माह्यासंग होत्या. अन त्यायले आत्याच नाई.” एका बीपीपायी मी नसलेली आत्या मारून बसलो!

आणि ह्याच दिवसांत मनोहर मानेला बाम चोळायला लागला.

“मान अवघडली, दादा. ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं.”

“डॉक्टरले दाखवून ये.”

“मले कायले? बीपी तुले हाय. कागदावर लिवलं हाय!” असं म्हणून तो गडगडून हसला. मीही हसलो. मग रात्रभर आढ्याकडे बघत पडलो. सांगावं तर मी भित्रा ठरतो, न सांगावं तर ह्याचं काय होईल? सकाळी उठून ठरवायचो, आज सांगतोच. तेवढ्यात पुष्पा आळणी पोहे आणून द्यायची, आणि तिच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी इतकी काळजी असायची की मी सांगणं उद्यावर ढकलायचो. बावन्न वर्षांचा माणूस, आणि पोहे खायचे तर खाली मान घालून!

धानाचा चुरणा (म्हणजे मळणी) सुरू होता त्या दिवशी, सकाळचे अकरा वाजले असतील. मी खळ्यावर पोती शिवत होतो. मनोहर ट्रॅक्टरवरून उतरला, दोन पावलं चालला, आणि धानाच्या राशीवर मटकन बसला. तोंड लालबुंद. “दादा, खळं फिरून राहिलं,” म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज इतका बारीक ऐकला मी.

मी आणि एका मजुराने त्याला धरून घरी सपरीत आणून बसवलं. वैशाली धावत आली. पुष्पा म्हणाली, “ऊन लागलं बापा! मीठ-साखरेचं पाणी आणतो.” आणि तिने आतून ग्लास आणला. दीड महिना मीठ वाचवलेली बाई ती. ग्लासात मूठभर मीठ टाकलं होतं!

“मीठ नको!” मी ओरडलो.

“तुम्हाले नाई देऊन राहिलो. त्यायले देऊन राहिलो.”

“त्यालेबी नको!”

“काहून?”

“नको म्हटलं ना!”

“अजी, पण काहून? बीपी तं तुम्हाले हाय ना!”

मनोहरने ग्लास हातात घेतला. तोंडाशी नेला. आणि बावन्न वर्षांत जेवढं बोललो नव्हतो तेवढं मी एका दमात बोललो, “मले नाई! त्याले हाय! त्या दिवशी पट्टा त्याच्याच हाताले होता, मी घाबरलो होतो, मीच म्हटलं तुह्या हाताले लाव, तो एकशे चौऱ्याहत्तर त्याचाच, मर्यादा-बिर्यादा काही नव्हती, मले त्या पट्ट्याचं भेव वाटते!”

सपरीतलं मांजर तेवढं उठून बाहेर गेलं.

वैशालीने नवऱ्याच्या हातातला ग्लास काढून आंगणात ओतला. मशीन आणलं, त्याच्या दंडाला पट्टा बांधला. मशीन थांबलं, तेव्हा तिने आकडा मोठ्याने वाचला नाही. फक्त म्हणाली, “ताई, ऑटोवाल्याले फोन लावा.”

आम्ही सगळे ऑटोत बसलो. मनोहरने एकदाच माझा गुडघा थोपटला. म्हणजे उलट त्यालाच मला धीर द्यावा लागत होता! आरोग्य केंद्रात डॉक्टरबाईंनी त्याला आडवं केलं, तपासलं, गोळी दिली. “वेळेवर आणलं,” त्या म्हणाल्या. “आणखी महिनाभर असंच काढलं असतं तर काय झालं असतं, ते मला सांगवत नाही.” मी भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं. पुष्पा शेजारी बसली होती. ती एवढंच म्हणाली, “दीड महिना मीबी आळणीच खाल्लं. तुम्ही एकटे कसे खासान म्हणून.” तिने शिव्या दिल्या असत्या तर पुष्कळ बरं वाटलं असतं.

दोन तासांनी मनोहरचा आकडा उतरला. तो उठून बसला आणि पहिलं वाक्य बोलला, “मासोळ्या आता बंद का?” तेव्हा कुठे आम्ही सगळे श्वास घेऊ लागलो.

मी बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. गावातल्या आठ-दहा बाया रांगेत बसल्या होत्या. समोर कोणीतरी येऊन उभं राहिलं. वर पाहिलं, तर वैशाली! डोक्यावर पदर होता, पण नजर थेट माझ्यावर. हातात मशीन.

“भाऊजी,” ती म्हणाली, “हात करा इकडं.”

बावीस वर्षांतला तिचा माझ्याशी पहिला शब्द! रांगेतल्या बाया माना वळवून पाहू लागल्या. मी आशेने पुष्पाकडे पाहिलं. पुष्पा म्हणाली, “हात करा म्हणते.” सवयच ती!

भावसुनेने माझं मनगट धरलं, बाही वर केली, पट्टा आवळला. पट्टा फुगला. मी डोळे मिटून काळजाची वाट पाहू लागलो, आता कानात येईल, आता येईल. आलंच नाही! मशीन वाजलं. एकशे चोवीस, खाली ऐंशी.

“नॉर्मल,” वैशाली म्हणाली. तिने दोनदा मोजलं. दोन्ही वेळा तेच.

घरी येताना मी विचार केला, हे झालं कसं? मग लक्षात आलं. त्या बाकावर माझ्या पोटात शरम इतकी ठासून भरली होती की भीतीला टेकायलाही जागा नव्हती. बावन्न वर्षं शोधत होतो तो उपाय हाच! पट्टा बांधायच्या आधी घरच्यांसमोर एक पाप कबूल करायचं, बस्स. आकडा नॉर्मल!

मनोहर आता रोज गोळी घेतो, ठणठणीत आहे आणि वर मलाच पथ्यपाणी शिकवतो. वैशाली दर तीन महिन्यांनी माझा हात स्वतः धरून मोजते. मीही उपाय सोडलेला नाही. त्यानंतरच्या तपासणीला मी पुष्पाला सांगून टाकलं की तिच्या माहेरचा पितळी डबा शेजाऱ्याने नेला नव्हता, माझ्याच हातून बोडीत, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यात, बुडाला होता. आकडा एकशे बावीस. त्याच्या पुढच्या वेळी सासऱ्यांच्या चष्म्यावर कोण बसलं होतं ते सांगितलं. एकशे वीस!

अडचण एवढीच की उद्या सकाळी पुन्हा तपासणी आहे, आणि कबूल करण्यासारखं घरात काही उरलेलं नाही. म्हणून आज ही सगळी हकीकत मी तुम्हाला लिहून सांगितली.