मदरबोर्डचा ठोका
पंख्यातल्या तापलेल्या धुळीचा वास आला की विजय नगरातली ती दुपार आठवते. भाऊ कॉम्प्युटरचा वेग वाढवत होता. बस स्पीड म्हणजे मदरबोर्डचा, सगळे भाग जोडणाऱ्या पाटीचा, ठोका, त्याने मला समजावलं, आणि मल्टिप्लायर म्हणजे एका ठोक्यात प्रोसेसरने टाकायची पावलं. आमच्या प्रोसेसरचा मल्टिप्लायर बदलता येत नव्हता, म्हणून त्याने ठोकाच वाढवला. पण ठोका वाढला की हार्ड डिस्कलाही सोबत धावावं लागतं. तिला ते झेपलं नाही, तिच्यावरचं सगळं उडालं. गेलेल्या आईचे फोटो फक्त तिच्यावरच होते. बाबा फॅक्टरीतून आले, काळ्या स्क्रीनसमोर बसले. “काहून रे,” ते म्हणाले, “हळूहळू चालून तर राहिला होता.” आज माझा कॉम्प्युटर क्षणात सुरू होतो, आणि त्यात बघण्यासारखं काही नाही.