मामांचा टिकटिक्या

"थांबा सर, आधी ऐका," म्हणत मामा हात आडवा धरत. भर रस्त्यात रिक्षा अडवावी तसा! आपण निमूट थांबायचं.

प्रत्येक कॉलेजात असे एक मामा असतात, तुम्हीही पाहिले असतील. आमचे मामा मुलुंडच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. मूळचे मालवणकडचे, राहायला भांडुपला. गिरण्यांच्या संपात नोकरी गेली आणि इथे लागले. कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटात वीस वर्षं काढूनही या माणसाचे कान इतके तिखट कसे, हे मला कधी उमगलं नाही.

प्रॅक्टिकलचे बेडूक बेशुद्ध करून ट्रेमध्ये मांडायचं काम त्यांचंच. ते करताना मामा कुणाशी बोलत नसत.

एका पावसाळ्यात मागच्या टेकडीवरून रोज संध्याकाळी टिकटिक ऐकू येऊ लागली. मी पडलो प्राध्यापक. गमबूट घालून आठवडाभर डबकी धुंडाळली. शेवटी मामांनी मला कारवीच्या झुडपापाशी नेलं. पानावर अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक!

"पिल्लू दिसतंय," मी म्हणालो.

"पिल्लू कसला, सर? पुरो बापयो आसा. गळो फुगवन बायलेक साद घालता."

हा पुरा वाढलेला नर, असले बेडूक डबक्यात उतरतच नाहीत, मादी अंडीसुद्धा झुडपातच घालते, हेही त्यांनीच सांगितलं. मग हळूच म्हणाले, "ह्येका बाटलयेत नको हां, सर." मी हो म्हणालो.

पण जात कळल्याशिवाय मला चैन पडेना. एका जाणकारांना पत्र लिहिलं. नमुना पाठवा, असं उत्तर आलं. मामा रजेवर असताना मी तो बेडूक फॉर्मेलिनमध्ये घातला आणि पाठवून दिला.

महिन्याभरात बाटली परत आली, सोबत पत्र: झुडपात राहणाऱ्या जातीचा, पूर्ण वाढ झालेला नर. मी धावत मामांना गाठलं. "मामा, तुमचंच खरं निघालं!"

मामा बाटलीकडे बघत राहिले. "ता माका ठावक होता, सर. मगे मारलात कित्याक?"

मी बाटली कपाटात ठेवून दिली.

पुढे त्यांनी कामात कधी कसूर केली नाही, पण टेकडीवर चला असं पुन्हा म्हणाले नाहीत. दोन वर्षांनी ते काविळीनं गेले.

त्यानंतर कपाट आवरताना ती बाटली हाताला लागली. चिठ्ठीवर शोधणाऱ्याचं म्हणून माझं नाव होतं. मला स्वतःची लाज वाटली. ते खोडलं, मामांचं लिहायला पेन टेकवलं आणि तसाच बसून राहिलो. इतकी वर्षं रोज हाक मारली, पण त्यांचं नाव काय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.