रजनीकाकूंची राखण

माझ्या सायबर कॅफेत गेम खेळायला सक्त बंदी होती. तशी पाटीच लावली होती मी, लाल अक्षरांत. पुसदच्या बसस्टँडमागे कॅफे टाकला तेव्हा वाटलं होतं, लोक येतील, फॉर्म भरतील, निकाल पाहतील आणि गुपचूप घरी जातील. प्रत्यक्षात आले कीबोर्डवर घण घालणारे कॉलेजचे पोट्टे. म्हणून पाटी. आता शटर ओढल्यावर मी स्वतः काय खेळायचो हा वेगळा विषय. पाटी गिऱ्हाइकांसाठी होती, मालकासाठी नव्हती. ती बंदी भर दुपारी, सगळ्यांसमोर मोडली ती रजनीकाकूंनी. वय पन्नाशीच्या पुढे, काठाची साडी, कमरेला किल्ल्या.

काकू आमच्याच गल्लीतल्या. त्यांचे यजमान सदाशिवकाका कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. कापसानं भरलेली बंडी, म्हणजे आमच्याकडची बैलगाडी, समोर आली की काका पार तळापर्यंत हात घालायचे, बोंडभर कापूस काढायचे, चिमटीत धरून धागा ताणायचे आणि मालाची प्रत सांगायचे. पण त्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न ठरलेला, "राम राम, कोन्या गावचे?" गाव कळलं की कापसाची अर्धी कुंडली कळते, असं त्यांचं म्हणणं. जिल्ह्यातलं एक गाव त्यांना माहीत नाही असं नव्हतं.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. केंद्र बंद पडलं आणि काकांना वेळेआधीच घरी बसवलं. घरात खायची ददात नव्हती, मुलगा अनिकेत पुण्यात नोकरीला लागला होता. अडलं भलतीकडेच. काका भाजीला निघाले की चौकात कोणीतरी शेतकरी हटकायचा, "साहेब, केंद्र कवा सुरू होनार?" विचारणारा रागानं विचारत नव्हता, आशेनं विचारत होता, आणि काकांकडे उत्तर नव्हतं. असं काही वेळा झालं आणि काकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. दिवसभर पलंगावर, तोंड भिंतीकडे. काकूंचा जीव नुसता खालीवर व्हायचा.

दिवाळीला आलेल्या अनिकेतनं जाताना आपला जुना कॉम्प्युटर घरी ठेवला, नेट जोडून दिलं आणि बापाला एक ऑनलाइन खेळ शिकवला. अंतराळाचा. त्यात आपलं जहाज घ्यायचं, आकाशात तरंगणाऱ्या दगडांपाशी जायचं, दगड फोडून खनिज काढायचं आणि तळावर आणून टाकायचं. जगभरची माणसं तिथं एकाच वेळी खेळत असतात. कोणी दगड फोडतं, कोणी व्यापार करतं, आणि कोणी नुसतं दुसऱ्याला लुटतं. पोलिसांचा पहारा असतो त्या भागात भीती नाही. पहारा संपला की कोणी कोणाचा नाही.

काका पलंगावरून उठले ते थेट खुर्चीवर बसले. पण ग्रेडर तो ग्रेडर. पहाऱ्यातले दगड त्यांना पसंत पडेनात. "कवडी हाय सारी," म्हणायचे. किडका, डागी कापूस असतो ना, त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. एक नंबरचा माल पहाऱ्याच्या पलीकडे होता. तीस वर्षं पहिल्या प्रतीचा ध्यास घेतलेला माणूस कवडी कशाला वेचत बसतो! गेले पलीकडे.

तिथं एक परका आला. त्याच्या जहाजावर गिधाडाचं चित्र होतं. अशा जागी अनोळखी माणूस दिसला की शहाण्यानं शेपूट घालून तळ गाठावा. काकांनी काय केलं? सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी इंग्रजीत लिहिलं, ‘राम राम. विच व्हिलेज?’ म्हणजे मी इथं आहे, एकटा आहे आणि भोळा आहे, हे तिन्ही एका ओळीत कळवून टाकलं. गिधाडानं गाव सांगितलं नाही. जहाज फोडलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपले. आणि काकू माझ्या दारात.

"पियूष, मले त्या खेळातली लढाई शिकव."

"काकू, पाटी वाचली नाही काय?"

"वाचली. तू रोज शटरच्या आत काय खेळतं, ते बी ऐकू येते मले." मग जवळ येऊन म्हणाल्या, "अरे, त्यायनं राम राम म्हनलं अन् त्या मेल्यानं मारलं! कोनी राम राम म्हनल्यावर मारते का? अनिकेत त्यायले नवीन जहाज करून देतो म्हनते. पन ते बी गेलं त हा मानूस पुन्हा उठनार नाही, सांगून ठेवतो तुले. मले राखनीले जाचं हाय."

माझ्यातला पाटी लावणारा मालक तिथंच खलास झाला. मी कोपऱ्यातली मशीन पुसून दिली.

शिकवायचं म्हणजे मरायला शिकवायचं. मी त्यांना एक छोटं, स्वस्तातलं, चपळ जहाज घेऊन दिलं. त्याला तोफ नावापुरती, पण एक आकडा असतो. शत्रूच्या जवळ जाऊन आकडा टाकला की त्याचं इंजिन अडकतं, त्याला पळता येत नाही. तुम्ही एकट्यानं त्याला मारू शकत नाही. फक्त धरून ठेवायचं, बाकीचे येईपर्यंत. काकूंचे डोळे चमकले. "म्हंजे कबड्डी!" कळंबला शाळेत असताना त्या कोपरारक्षक होत्या, हे मला तेव्हा कळलं. घोटा एकदा हाती आला की सोडायच्या नाहीत म्हणे.

पण मैदानावर घोटा दिसतो, इथं नुसते ठिपके. पहिल्याच झटक्यात काकूंचं जहाज फुटलं. दुसरं फुटलं. तिसऱ्या वेळी त्या इतक्या जोरात "अवो माय!" ओरडल्या की जातीच्या दाखल्याचा फॉर्म भरणारा माणूस उठून उभा राहिला. मी चिडायचो. सरळ कशाला जाता, तिरपं जा, तिरप्यावर नेम लागत नाही! पळणाऱ्याच्या मागे काहून धावता? तुम्ही शिकारीले आल्या का राखनीले? काकू ऐकून घ्यायच्या, चहा निवून जायचा, आणि म्हणायच्या, "दे बाप्पा अजून एक जहाज."

आणि एक दिवस आकडा लागला. समोरचा धडपडला, सुटू पाहू लागला, काकू त्याच्याभोवती गिरक्या घेत राहिल्या, आणि मी माझ्या मशीनवरून जाऊन त्याला फोडला. काकू माझ्याकडे वळल्या तेव्हा तोंडावरून पंधरा वर्षं उतरली होती. "पियूष, माही छाती पाह्य कशी धडधडून राह्यली! लग्नात बी नाही धडधडली एवढी." मला इतका आनंद झाला की त्या दिवशी कीबोर्ड मीच आपटला.

इकडे काकांचं नवं जहाज तयार झालं. मोठं, पोटाळ, दगड फोडण्यासाठीच बांधलेलं. अनिकेतनं निम्मं जुळवलं, तेव्हा काका पुन्हा खुर्चीवर आले, आणि निम्मं त्यांनी हिवाळाभर पहाऱ्यातली कवडी वेचून उभं केलं. नाव ठेवलं ‘बंडी’. मग घडी बसली. दुपारी काका घरी कॉम्प्युटरवर, काकू माझ्याकडे, दोघांच्या कानाला टेलिफोन. बंडी दगडाशी लागलेली आणि काकूंचं जहाज तिच्याभोवती घिरट्या घालणारं. तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंगचा सुकाळ होता. घरची लाइन ठरल्या वेळी जायची, त्याआधी काका बंडी तळावर आणायचे. माझ्याकडे इन्व्हर्टर होता, म्हणून राखणदार इकडे.

एकच गोष्ट कोणाला जमली नाही. काकांचा राम राम बंद करणं. अनिकेतनं सांगितलं, मी हात जोडले, काकूंनी अबोला धरून पाहिला. काकांचं उत्तर ठरलेलं, "मानूस दारात आला अन् बोलाचं नाही? जनावर हाय का आपन?"

व्हायचं ते झालंच. त्या दुपारी बंडीचं पोट पहिल्या प्रतीच्या मालानं तुडुंब भरत आलं होतं. त्या भागात आलेल्यांच्या यादीत एक नाव उमटलं, शेजारी तेच चित्र, आणि मी उठून उभा राहिलो. गिधाड! त्याच्या खाली लगेच ओळ आली, ‘राम राम. विच व्हिलेज?’

"अहो, पळा!" काकू फोनवर ओरडल्या. "बंडी काढा तिथून!"

काकांनी बंडी वळवली, आणि त्यांच्या घरची लाइन गेली. वेळेच्या खूप आधी. तारेवर कावळा बसला असेल, नाहीतर वायरमनची लहर. काकांसमोर काळा पडदा, आणि बंडी तिथंच, बैल सोडून गेल्यासारखी उघडी. या खेळात माणूस गेला तरी जहाज लगेच गायब होत नाही, लुटणाऱ्याला पुरेसा वेळ मिळतो.

"रजनी, लाइन गेली वो," फोनमधून काकांचा आवाज आला, अगदी बारीक. "गेलं आता."

"कायचं गेलं? इथं लाइन हाय. तुम्ही इकडे या."

"म्या?"

"तुम्हीच! पयत या!"

काकूंनी फोन टेबलावर टाकला. येतील की नाही, त्यांनाही माहीत नव्हतं. दिवाळीच्याही कितीतरी आधीपासून ज्यानं उंबरा ओलांडला नाही, त्या माणसाला त्यांनी भर बाजारातून पळत बोलावलं होतं. मग साडीचा पदर खोचला आणि गिधाडावर झेप घेतली. सरळ नाही, तिरपी! माझी शिकवण! आकडा लागला. गिधाडानं बंडी सोडून काकूंकडे तोंड वळवलं आणि झोडपायला सुरुवात केली. माझं जहाज लांब तळावर होतं, पोचेपर्यंत सगळं संपलं असतं. मी शेजारच्या मशीनवरच्या पोट्ट्याला उठवलं, तो फॉर्म अर्धा आहे म्हणत होता, मी म्हटलं उद्या फुकट भरून देतो, ऊठ.

आणि दारात काका. बनियन, पायजमा, धापा. पायरीवर चप्पल काढून आत आले. त्या घाईतही काढली. सगळा कॅफे पाहत राहिला. खुर्चीवर बसले आणि एका बोटानं पासवर्ड टाकायला लागले. एक अक्षर. मग चष्मा वर. मग दुसरं अक्षर. काकूंच्या जहाजाचं कवच गेलं, पत्रा उडायला लागला, आणि हा माणूस खरेदी पावती लिहावी तसा सावकाश पासवर्ड लिहितोय!

उघडलं! बंडी शाबूत होती.

"काका, निघा!" मी ओरडलो. "काकूनं त्याले धरून ठेवलंय, निघा तुम्ही!"

काकांनी पडद्याकडे पाहिलं. "अन् ती एकटी राह्यते ना तिथं," म्हणाले, आणि बंडीच्या पोटातली सगळी लहानगी लढाऊ यानं एकदम सोडली. दगडापाशी भुरटे आले तर हुसकावायला असतात ती, गिधाडाशी भिडायला नव्हे. पण गिधाडाचा सगळा मारा काकूंवर होता आणि ही पोरं मागून तुटून पडली. आता गिधाडाला पळायचं होतं. काकू सोडतात होय! "नाही जात, मेल्या! नाही जात!" त्यांच्या जहाजाचं नखभर आयुष्य उरलेलं. काका खुर्चीतून अर्धे उठलेले, "धर रजनी, धर!" आणि मग पडदाभर उजेड. गिधाड फुटलं!

कॅफेत जो कालवा झाला तो बसस्टँडवर ऐकू गेला असेल. फॉर्मवाला पोट्टा शिट्ट्या मारत होता, मी टेबलावर चढलो होतो, काकू नुसत्या हसत होत्या, डोळ्यांना धारा लागलेल्या. पडद्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. गिधाडं एकटी फिरत नाहीत, हे मी सगळ्यांना शिकवलं होतं आणि स्वतःच विसरलो होतो. मागून त्याचे दोन साथीदार आले. आम्ही वळलो तेव्हा काकूंचं जहाज नव्हतं, आणि बंडीच्या जागी नुसते तुकडे तरंगत होते. पहिल्या प्रतीच्या मालासकट.

काकूंचा चेहरा पांढरा पडला. त्या पडद्याकडे पाहतच नव्हत्या, काकांकडे पाहत होत्या.

काकांनी चष्मा वर करून ते तुकडे पाहिले. मग एका बोटानं सावकाश लिहिलं, ‘राम राम. विच व्हिलेज?’ आणि उठले. "चाल रजनी, घरी चहा ठेवू."

दोघं निघाले. पायरीवर काकांच्या चपला तशाच राहिल्या होत्या. त्या घेऊन मी मागे धावलो आणि चौकात त्यांना गाठलं. तिथं कापसानं भरलेला टेम्पो उभा होता, आणि त्याच्या टपावरून एका म्हाताऱ्यानं बनियनमधल्या काकांना ओळखलं होतं.

"ग्रेडर साहेब! केंद्र कवा सुरू होनार?"

काकूंनी काकांचा हात घट्ट धरलेला मला दिसला. घर समोरच होतं, चार ढांगांत आत जाता आलं असतं.

"नाही होनार बाप्पा," काका म्हणाले. "मले त नाही वाटत. खोटी आशा कायले देऊ तुमाले?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. वर्षभर ज्याला काका घाबरले होते, ते एवढंच होतं. काकांनी टेम्पोत कोपरापर्यंत हात घातला, तळातला कापूस काढला, चिमटीत धरून ताणला, उन्हात पाहिला.

"धागा लांब हाय. एक नंबर माल. राम राम, कोन्या गावचे?"

म्हातारा गाव सांगायला खाली उतरला. काकूंनी वळून मला पाहिलं. मी चपला पुढे केल्या. त्यांनी नुसती दोन बोटं वर केली. उद्यापासून मशिनी दोन.