दोघांचा एक कोयता

आमच्या मुकादमाला राग आला की तो आधी टोपी काढायचा आणि डोकं खाजवायचा. तेवढ्यात राग निम्मा उतरायचा. मग "चला बे, ऊस काय वाट बघत न्हाई," एवढंच म्हणायचा. आष्टीकडचे बाकीचे मुकादम शिवीशिवाय बोलत नसत.

एका दुष्काळात आम्ही दोघं पोरं, मी आणि माझा मित्र, पहिल्यांदाच साखर कारखान्याच्या ऊसतोडीला निघालो. आमचं एकमेकांवर प्रेम होतं आणि त्याच्या घरी त्याचं लग्न ठरवत होते. त्यानं जेवण सोडलं होतं. कोरड्या विहिरीच्या काठावर जाऊन बसायचा. मला त्या विहिरीची फार भीती वाटायची.

तोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता, त्याला कुठंही जोडतात. टोळीचा ट्रॅक्टर गावातून निघताना मित्राचा चुलता मुकादमाला म्हणाला, "ह्या दोघांना येगळ्या टोळीत टाका. गावात लई बोलायलेत लोकं."

मुकादमानं टोपी काढली. बराच वेळ डोकं खाजवलं.

"जोडी मी फोडत नसतो," तो म्हणाला. "हे दोघं मिळून एक कोयता."

उसाच्या फडावर सडे, बिनबायकोचे गडी सगळे एकाच कोपीत, एकाच झोपडीत राहतात. मुकादमानं आम्हाला जोडप्यांच्या रांगेत जागा दाखवली. संध्याकाळी पाचटाची कोपी उभी राहिली, मी चूल पेटवली. मित्रानं एक भाकरी खाल्ली आणि दुसरीसाठी हात पुढे केला.