रुईचा चीक

आष्टीतल्या आमच्या शाळेच्या कुंपणाशी एक म्हातारी रोज शेळ्या चारायची. मान तिरपी करून वर्गात बघायची. मला ती तिची ऐट वाटायची.

त्या दिवशी पाचवीची मुलं पानांचे गट करत होती: काटेरी, जाड, चिकाची. मी फळ्यावर लिहिलं, ‘चीक हे रुईचं संरक्षण.’

तेवढ्यात म्हातारी आत घुसली आणि डोळा चोळायला निघालेल्या एका मुलीचं मनगट तिने धरलं. मुलीची बोटं चिकाने माखली होती.

“जल्दी पाणी आणा, गुरुजी! रुई तोडायला लावता, अन् हात धुवायचं सांगत न्हाई?”

मी धावत पाण्याची बादली आणली. बारा वर्षं हाच धडा शिकवत होतो.

हात धुऊन झाल्यावर म्हातारीने पहिल्यांदाच मान सरळ केली. तिचा डावा डोळा पांढराफटक होता.

“एवढीच व्हते मी,” ती म्हणाली, “तवा ह्यो असाच गेल्ता.”