ओठबोली

त्या मंगळवारी दुपारी तीनच्या ठोक्याला लिआ ऑर्मरॉडबाई रविवारी चर्चला घालायची निळी टोपी घालून शेजारी डकवर्थांकडे टेलिव्हिजन पाहायला गेल्या. आयव्ही डकवर्थने दार उघडलं आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हणाली, "बँडची स्पर्धा आठला आहे, लिआ. पाच तास आहेत अजून."

"मी पाककृती पाहायला आलेय," लिआबाईंनी तसंच उत्तर दिलं.

दोघींनी कापडाच्या गिरणीत शेजारशेजारच्या मागांवर तीस वर्षं काढली होती. मागांच्या खडखडाटात आवाज चढवून उपयोग नसे, म्हणून सगळ्या बाया ओठांनी बोलत. मोठे, सावकाश, स्वच्छ ओठ. लिआबाईंनी गिरणी सोडली, पण गेलेले कान काही परत आले नाहीत. आमच्या गल्लीत त्याचं कुणाला काही वाटत नसे. समोरच्याचं तोंड दिसलं की त्यांना ऐकू येई. आणि ऐकायचं नसलं, की त्या तोंड फिरवत.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मुलाकडे, क्लिफर्डकडे, तशीच पाठ फिरवली होती. तो गिरणीच्या बँडमध्ये कॉर्नेट नावाची आखूड पितळी तुतारी वाजवायचा, बाप गेल्यावर बापाच्याच खुर्चीवर बसून. दक्षिणेतल्या मोटारींच्या कारखान्याने त्याला नोकरी आणि त्यांच्या बँडमध्ये जागा देऊ केली. ते सांगायला तो उभा राहिला, तेव्हा लिआबाई निम्म्यातच भिंतीकडे वळल्या. तो बोलत राहिला असावा. दार लागलं ते त्यांना पायाखालच्या फरशीतून कळलं. तेव्हापासून ना पत्र, ना भेट. गेल्या आठवड्यात मात्र आयव्हीच्या नावावर एक पोस्टकार्ड आलं होतं: मंगळवारी आमचा बँड टेलिव्हिजनवर आहे, आईला पुढे बसवा.

लिआबाई पुढेच बसल्या. पाककृतीच्या बाईने ॲपल पाय केला. तिने पीठ फार मळलं, असं लिआबाईंचं मत पडलं. त्यानंतर एक गृहस्थ गुलाबाची छाटणी दाखवत होते. त्यांच्या मिशा ओठांवर येत असल्यामुळे लिआबाईंना ते निम्मेच कळले. पाचला कळसूत्री बाहुल्यांचा खेळ लागला.

"यांचे तर ओठच हलत नाहीत," त्या म्हणाल्या.

"आमच्या विल्फचेही नाही हलत," आयव्ही म्हणाली. तिचा नवरा विल्फ नुकताच कामावरून येऊन कोपऱ्यात पेपर वाचत बसला होता. त्याने पान उलटलं.

सहा ते सात टेलिव्हिजनचा पडदा रोजच्यासारखा बंद. पोरांना झोपवता यावं म्हणून त्या तासात कार्यक्रमच नसत. आयव्हीने चहा, पाव आणि व्हिनेगरमधले कांदे मांडले. लिआबाईंनी खुर्ची सोडली नाही, टोपीही काढली नाही. त्या तासात आयव्हीने हळूच विचारलं, त्या दिवशी पोरगा शेवटी काय म्हणाला होता? लिआबाईंनी पाव पुरता चावून गिळला आणि मग म्हणाल्या, "मला कुठे माहीत? मी भिंत बघत होते." एवढं कबूल करायला त्यांना दोन वर्षं लागली होती. पुढे काही विचारू नये एवढं आयव्हीला कळत होतं.

सातनंतर बातम्या झाल्या, मग जुन्या किल्ल्यांवर कुणा प्राध्यापकांचं लांबलचक बोलणं झालं, आणि आठला स्पर्धा सुरू झाली. उन्हाळ्याचे लांब दिवस, बाहेर अजून लख्ख उजेड होता, म्हणून आयव्हीने पडदे ओढून घेतले. क्लिफर्ड दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा होता. तो वाजवत असताना लिआबाई त्याच्या बोटांकडे पाहत होत्या. वाळला होता पोरगा.

वाजवणं संपलं. निकाल यायला वेळ होता, तसा कॅमेरा रांगांवरून सावकाश फिरू लागला. नेमकं तेव्हाच चित्र घसरायला लागलं. माणसांचे पाय वर, डोकी खाली. विल्फ टेलिव्हिजनच्या पेटीवर थाप मारायला उठला.

"विल्फ, हात लावू नकोस."

दिवसभरात लिआबाई पहिल्यांदा मोठ्याने बोलल्या होत्या. विल्फ जागच्या जागी थांबला. घसरणाऱ्या चित्रात क्लिफर्डने मान वर केली, थेट समोर पाहिलं आणि मोठे, सावकाश, स्वच्छ ओठ हलवले, लहानपणी गिरणीच्या दाराशी डबा घेऊन यायचा तेव्हा हलवायचा तसे. तोंड कधी वर जाई, कधी खाली. पण उडत्या कापसातून चार मागांपलीकडचं बोलणं टिपणाऱ्या बाईला त्याचं काय?

"आई, त्या दिवशी निम्मंच ऐकलंस. शनिवारी येऊन राहिलेलं सांगतो."

लिआबाईंचे ओठ हलले. "ये," त्या पडद्याला म्हणाल्या. पलीकडून उत्तराची वाट पाहावी तशा त्या क्षणभर पुढे वाकून राहिल्या आणि मग सावरून बसल्या.

"अगं, त्याला तू दिसत नाहीस," आयव्ही म्हणाली. तिने लिआबाईंचं 'ये' पाहिलं होतं. पण तिच्या जागेवरून पडद्यावरचे ओठ नीट दिसले नव्हते. "काय म्हणाला गं?"

"कॉलर टोचतेय म्हणाला."

बँडला तिसरा नंबर मिळाला. तो ऐकायला लिआबाई थांबल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी खाटकाच्या दुकानात आयव्ही रांगेत त्यांच्या मागेच होती. लिआबाईंनी शनिवारसाठी मटण सांगितलं. दोन वर्षं एकटीपुरतं मोजून देणाऱ्या खाटकाने सवयीने तेवढ्याच तुकड्यावर सुरी टेकवली. लिआबाईंनी बोट हलवून सुरी पुढे सरकवायला लावली. मग त्या मागे वळल्या, आयव्हीकडे नीट तोंड करून उभ्या राहिल्या आणि आवाज न काढता म्हणाल्या, "विचार आता काय विचारायचं ते."